तोंड आलं की आधी गोळ्या मोज

चि. मुक्ता हिस,


आजीचा गोळ्यांचा डबा आता तू भरतेस, असं ताई सांगत होती. बरं वाटलं, पण एका गोळीपायी काल झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

संधिवाताची ती मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आजीचा वार मंगळवार; ‘म’वरून ध्यानात ठेव. ती गोळी पिवळी, बारीक आणि शुक्रवारची फोलिक ॲसिडचीही तशीच. या दोन्ही गोळ्या डब्यात शेजारी ठेवू नकोस. मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप आपल्या कपाटात ठेव आणि मंगळवारी स्वतः काढून दे.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्या वॉर्डात एक आजीबाई आल्या होत्या. तोंडभर फोड, घोटभर पाणी गिळवेना. घरच्यांनी उष्णता म्हणून दहा दिवस गुलकंद, सब्जा दिला होता. मीही बोरोग्लिसरीन लावत राहिले. दोन दिवसांनी मुलाने पिशवीतून रिकाम्या स्ट्रिपा काढल्या, तेव्हा कळलं की त्या ही गोळी रोज घेत होत्या. तोवर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या. त्या वाचल्या नाहीत. पहिल्याच दिवशी मी गोळ्या मागायला हव्या होत्या, हे मला आजही सलतं.

मेथोट्रेक्सेटची रासायनिक रचना फोलिक ॲसिडसारखी असते, त्यामुळे पेशी फसतात आणि त्यांची वाढ थांबते. जिथे पेशी भराभर बनतात, तिथे पहिला फटका बसतो: तोंड, आतडी, अस्थिमज्जा. म्हणून आजीचं तोंड आलं, घसा दुखून ताप आला, जुलाब लागले, अंगावर काळेनिळे डाग उठले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर पुढची गोळी देऊ नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. कोरडा खोकला आणि धाप लागली तरी तसंच. तो त्रास बरोबर डोसवरही होऊ शकतो. बुधवारी थोडं मळमळलं, गळून गेल्यासारखं वाटलं, तर ते लिहून ठेव आणि पुढच्या भेटीत सांग.

हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की ते साचतं आणि नेहमीचाच डोस जास्त होऊन बसतो. अशा वेळी मंगळवार आला तरी विचारल्याशिवाय गोळी नको. लघवीच्या इन्फेक्शनसाठी कुणी औषध लिहून देत असेल, तर आधी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांग. कोट्रायमोक्सॅझोल तिच्यासोबत धोक्याचं.

जास्तीची गोळी गेल्याचं कळलं तर आजी ठणठणीत दिसली तरी वाट पाहू नकोस; त्रास काही दिवसांनी उठतो. स्ट्रिप घेऊन दवाखान्यात जा. तिथे फोलिनिक ॲसिड देतात, ते जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. घरातलं फोलिक ॲसिड त्याच्या जागी चालत नाही.

मंगळवारी गोळी दिलीस की मला फोन कर. रात्रीचे अकरा वाजले तरी चालेल.

तुझी,
मावशी