चुंबकाला चिकटतं ते काय?

तुळजापुरात कॉलेजच्या प्रयोगशाळेत अल्कोहोलपासून अल्डिहाइड बनवताना जे शिकलो, ते असं.

१. आधी सिंककडे बघा. विद्यार्थी असताना आम्ही पोटॅशियम डायक्रोमेट वापरायचो. नारिंगी द्रावण हिरवं झालं की काम झालं, उरलेलं सिंकमध्ये. डायक्रोमेटमधल्या सहा-संयुजी क्रोमियमने कर्करोग होतो हे पाठ होतं, पण सिंकखालचा पाइप कुठे जातो हे कुणी विचारलं नाही. बालाघाटाच्या माथ्यावर, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात, हा प्रश्न पहिला यायला हवा होता.

२. हायड्रोजन पेरॉक्साइड ऑक्सिजन देतं आणि मागे पाणी उरतं, म्हणून डायक्रोमेटऐवजी ते निवडलं. पण बाटलीवर ३० टक्के लिहिलेलं असलं तरी एप्रिल-मेच्या उकाड्यात ते कमी झालेलं असतं. परमँगनेटने टायट्रेशन करूनच वापरावं.

३. १९९८ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ नोयोरी यांच्या गटाने सोडियम टंगस्टेट आणि पेरॉक्साइड वापरून नायलॉनसाठी लागणारं अडिपिक आम्ल बनवलं. तेच टंगस्टेट मी उत्प्रेरक म्हणून सिलिकाचा लेप दिलेल्या लोहऑक्साइडच्या कणांवर बसवलं. बाहेरून चुंबक धरला की काळी पूड काचेला चिकटायची. पाच वेळा तीच पूड, पाचही वेळा बेंझाल्डिहाइडचा कडू बदामासारखा वास. मी हरखून गेलो. मग एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "गरम असताना गाळून बघितलंस का?" अर्ध्यावर पूड काढली, गाळलेलं द्रावण पुन्हा तापवलं. रिॲक्शन चालूच राहिली! पेरॉक्साइड टंगस्टनला विरघळवून सोडवून नेत होतं. चुंबकाला चिकटत होतं ते लोहऑक्साइड, काम करणारा धातू द्रावणात. गाळायचं ते गरमच, कारण थंड झाल्यावर सुटलेला धातू पुन्हा पुडीवर बसू शकतो आणि आपली फसगत होते. पाच वेळा पूड वापरल्याचा तक्ता मी माझ्या प्रबंधातून काढला.

४. तीच पूड पुन्हा वापरण्याच्या फेऱ्यांची तुलना रिॲक्शन अर्ध्यावर असताना करा. पूर्ण होऊ दिली तर थकलेला उत्प्रेरकही ताजा दिसतो.

५. धातू सुटू नये यासाठी दुसरा मार्ग आहे: इटलीच्या स्नॅमप्रोगेट्टीने १९८३ साली पेटंट घेतलेल्या टायटॅनियम सिलिकालाइटमध्ये धातू सिलिकाच्या जाळीतच विणलेला असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही (एनसीएल) त्यावर काम झालं. मोठे रेणू मात्र त्याच्या छिद्रांत शिरत नाहीत.

६. पूड धुण्याचं इथिल ॲसिटेट कचऱ्यात धरा. किलोभर मालामागे किती किलो कचरा, हा रसायनशास्त्रज्ञ शेल्डन यांचा १९९२चा हिशेब लावला तेव्हा आमच्याकडे सगळ्यात मोठा आकडा धुण्याचाच निघाला. आता थोड्या इथेनॉलने दोनदाच धुतो, आणि तेही ऊर्ध्वपातनाने परत मिळवतो.