भोवऱ्यावरचा सौदा

भोवऱ्याजवळचे केस विरळ व्हायला लागले की ते आधी न्हाव्याला दिसतं, मग बसमध्ये मागच्या सीटवर बसलेल्याला दिसतं, आणि डोक्याचा धनी शिक्षक असेल तर तो फळ्याकडे वळल्याबरोबर अख्ख्या वर्गाला दिसतं. धन्याला सगळ्यात शेवटी कळतं. प्रस्तुत लेखक चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. ‘चांद्याचा चांद’ म्हणजे आपणच, हे त्याला स्नेहसंमेलनात समजलं. टकलाचं दुःख मोठं की क्षुल्लक, यावर इथे चर्चा नाही. ज्यांच्या डोक्यावर भरपूर आहे त्यांनी खुशाल पान उलटावं.

नागपूरच्या ज्या क्लिनिकमध्ये तो गेला तिथे पांढरा कोट घालून समोर बसलेली बाई डॉक्टर नव्हती, काउन्सेलर होती. हे तिने आपणहून सांगितलं नाही, विचारल्यावर कळलं. तिने मार्कर घेऊन भोवऱ्याभोवती एक गोल काढला, मोबाइलवर फोटो काढून दाखवला आणि म्हणाली, “तीन हजार ग्राफ्ट, सर. एकाच बैठकीत होऊन जाते.” लेखकाने विचारलं, की या गोलाच्या बाहेरचे केस पुढे गळले तर? “तर मग दुसरं सेशन करू ना, सर!” असं उत्तर आलं, तेही इतक्या उत्साहाने, जणू त्याला बक्षीसच लागलं होतं. मग आजच्या आज बुकिंग केलं तर सूट, हप्त्यांची सोय, एका मराठी नटाचा भिंतीवरचा फोटो. दिवाळीच्या सुट्टीतल्या तारखा भरून जातात म्हणून लेखकाने ॲडव्हान्स भरला. पावती मात्र मागून घेतली, आणि ती मागताना काउंटरवरच्या मुलाचा चेहरा उतरला हेही टिपून ठेवलं.

आता तो गोल. गणिताच्या मास्तरासमोर गोल काढायचा तर हिशेबाची तयारी हवी. गोलाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटिमीटर होतं. दर चौरस सेंटिमीटरला ३५ ग्राफ्ट (मुळासकट उचललेले केसांचे पुंजके) लावले, म्हणजे निसर्गाने दिलेल्या दाटीच्या जेमतेम निम्मे, तरी २,७०० च्या वर ग्राफ्ट लागतात. व्यास १४ झाला तर क्षेत्रफळ १५४, म्हणजे जवळपास दुप्पट. उलट, डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातून तो पट्टा उघडा न पडता आयुष्यभरात ढोबळमानाने पाच-सहा हजार ग्राफ्टच निघतात. काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही. म्हणजे चाळिशीत भोवऱ्यावरच निम्मी शिल्लक उडवायची आणि पन्नाशीत कपाळ मागे सरकलं की हात चोळत बसायचं.

यातली खरी मेख वेगळीच आहे. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी १९५२ मध्ये टकलावर केस लावून दाखवले आणि १९५९ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं: मागच्या पट्ट्यातलं मूळ कुठेही लावा, ते आपला जुना टिकाऊ स्वभाव सोडत नाही. सगळ्या क्लिनिकांचा धंदा याच एका तत्त्वावर उभा आहे आणि ते खरं आहे. पण म्हणूनच भोवऱ्यावर पंचाईत होते. लावलेले केस टिकतात, त्यांच्या भोवतीचे जुने केस मात्र जातच राहतात. काही वर्षांनी मधोमध केसांचं बेट आणि त्याभोवती टकलाचं कडं. ते कडं बुजवायला शिल्लक नसेल तर काय करायचं, याचं उत्तर काउन्सेलरकडे नव्हतं.

म्हणून लेखक चंद्रपुरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी केस ओले करून विंचरले आणि भिंगातून पाहिलं. मार्करच्या गोलाबाहेर चांगली तीन-चार बोटं रुंदीत केस बारीक झालेले होते, कोरडे असताना ते भरल्यासारखे दिसत एवढंच. मग त्यांनी विचारलं, “वडिलांचं डोकं कसं होतं? काकांचं, मामांचं?” नागपुरात हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. खरं तर पहिला प्रश्न हाच हवा.

आपल्याकडे दोष पाण्यावर टाकायची रीत आहे. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड, कोळशाची धूळ, मे महिन्यातलं ऊन, काहीही. फ्लोराइडने दात आणि हाडं बिघडतात हे आपल्या गावांनी भोगलेलं आहे, पण भोवऱ्याचं टक्कल त्याने पडत नाही. ते आनुवंशिकतेने आणि पुरुषी संप्रेरकाने पडतं. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं की तारुण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड या गावांत डिसेंबर २०२४ अखेर आणि जानेवारी २०२५ मध्ये काही दिवसांत लोकांचे केस मुठीने आले, ते प्रकरण निराळं. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथे रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तसं अचानक झालं तर रक्त तपासा, प्रत्यारोपणाच्या दारात जाऊ नका. आणि ‘आदिवासी तेला’च्या जाहिराती आल्या तर लक्षात असू द्या, जंगल आमच्याकडे आहे, पण ते गाजलेलं तेल येतं कर्नाटकातून.

औषधांबद्दल क्लिनिकमध्ये एक शब्द निघाला नव्हता. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. डोक्याला लावायच्या द्रावाच्या रूपात तिला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. फिनास्टेराइड आधी प्रोस्टेटसाठी होतं. १ मिलिग्रॅमची केसांसाठीची गोळी १९९७ मध्ये आली. दोन्हींच्या मुख्य चाचण्या भोवऱ्यावरच झाल्या होत्या. म्हणजे ज्या जागेवर औषध सगळ्यात चांगलं काम करतं, त्याच जागेवर लोकांना आधी शस्त्रक्रिया विकली जाते! परिणाम कळायला सहा महिने ते वर्ष जातं. सुरुवातीला मिनॉक्सिडिलने केस थोडे जास्तच गळतात, तेव्हा घाबरून बंद करू नये. बंद केलं की मिळवलेलं जातं, हीसुद्धा खरी गोष्ट. फिनास्टेराइडने काहींची कामेच्छा कमी होते, काहींना नैराश्य येतं; गर्भवती स्त्रीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये; पन्नाशीनंतर प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना डॉक्टरांना सांगावं, कारण तो आकडा निम्म्यावर येतो. दुकानदाराच्या भरवशावर ही गोळी घेऊ नका.

लेखक तरीही ठरल्या दिवशी नागपूरला गेला. त्याला शेवटचं एक विचारायचं होतं, आणि पैसेही अडकले होते. सही करायला आलेला संमतीपत्राचा कागद इंग्रजीत होता. त्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या नावापुढे रिकामी रेघ होती. लेखकाने विचारलं, “कोण करून राहिले ऑपरेशन?” मुलगा म्हणाला, “आमची टीम आहे ना, सर.” “टीममध्ये डॉक्टर कोण?” “मोठे सर येऊन जाते मधात.” मोठे सर म्हणजे ते, ज्यांनी पहिल्या खेपेला दारातूनच डोकं आत घालून ‘मस्त होऊन जाईल’ म्हटलं होतं. लेखकाने रेघेवर बोट ठेवून सांगितलं, इथे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा, मग सही करतो. मुलगा आत गेला. बऱ्याच वेळाने काउन्सेलर बाहेर आली आणि तिचं ‘सर’ गेलं होतं. “तुम्हाला विश्वासच नसेल तर कसं होईल?” असं ती इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. नाव शेवटपर्यंत लिहिलं गेलं नाही. लेखक उठून बाहेर पडला. तो घाबरला म्हणून परत आला, असं त्यानंतर कुणीकुणी म्हणतात. त्यांनी ती रेघ पाहिलेली नाही.

नाव मागणं हा हट्ट नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावलं होतं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून केस प्रत्यारोपण करता येत नाही, त्याला रीतसर प्रशिक्षण लागतं. तंत्रज्ञ मदतीला असतात, त्यात गैर नाही. भूल देणं आणि खाचा पाडणं ही मात्र डॉक्टरची कामं. चेन्नईत २०१६ मध्ये प्रत्यारोपणानंतर वैद्यकीय महाविद्यालयाचा एक विद्यार्थी दगावला, तेव्हा त्या जागेकडे परवाना सलूनचा होता असं निघालं. मुंबईत मार्च २०१९ मध्ये एक व्यावसायिक लांबलचक बैठकीनंतर दोन दिवसांत गेला, तीव्र ॲलर्जीचा संशय होता. बातम्यांत नऊ हजारांवर ग्राफ्टचा आकडा आला. वरचा हिशेब पुन्हा वाचा. कानपूरमध्ये दोन अभियंत्यांच्या मृत्यूचं प्रकरण २०२५ मध्ये गाजलं, तिथे आरोप होता दंतवैद्यकाच्या पदवीवर हे काम करणाऱ्या डॉक्टरवर. लिग्नोकेनची भूल अगदी साधी वाटते, पण ॲड्रेनलिनसह तिची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम आहे. सत्तर किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं औषध २४ मिलिलिटरच्या आसपास. दिवसभर टोचत राहिलं की हा हिशेब कोण ठेवतो, ते विचारा. ऑक्सिजन, अतिदक्षतेची सोय, भूलतज्ज्ञ, हेही विचारा. लाज वाटून घेऊ नका.

चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांसाठी आणखी थोडं. सिकलसेल असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. दिवसभराच्या बैठकीत पाणी कमी पडणं अशा माणसाला महागात पडू शकतं. पुढचे दहा-बारा दिवस ऊन, घाम, धूळ आणि हेल्मेट टाळायचं असतं. चंद्रपूरच्या एप्रिल-मेमध्ये हे जमवून दाखवावं! हिवाळा बरा. भामरागडकडे नोकरी असेल तर पावसाळ्यात मुळीच नको, पर्लकोटा नदीला पूर आला की टाक्यांत पू झाला तरी निघता येत नाही. लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात आणि नंतर उगवतात. भोवऱ्यावर पूर्ण रूप दिसायला दीड वर्षही लागतं. बाकी चांगला आहार घ्यावा, ताण घेऊ नये वगैरे सगळे सांगतातच.

पैशांचं. विमा कंपन्या सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाहीत. इतर उपचारांना असलेली जीएसटीची सूट प्रत्यारोपणाला नाही, अपघात किंवा जन्मजात दोष असेल तर वेगळं. त्यामुळे ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ असं म्हणणारे भेटतात. बिल घ्याच, नाहीतर उद्या भांडायला हातात काही राहत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून पाहावा.

लेखकाने नोटीस पाठवली आहे. उत्तर आलं की ॲडव्हान्स परत मिळणार नाही, पण त्या रकमेत पीआरपीची, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लाझ्माची, इंजेक्शनं घेता येतील. म्हणजे रक्त लेखकाचं, आणि उपकार त्यांचे. पावतीवर ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं कुठेही छापलेलं नाही. लेखकाने ती मागूनपुढून भिंग लावून वाचली आहे.