गरम वाफा, कातडीचा रंग आणि गाळलेल्या बायका

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत, अटलांटाजवळ राहते. तिच्या ऑफिसातली कृष्णवर्णीय मैत्रीण पन्नाशी ओलांडलेली आहे आणि कितीतरी वर्षं तिला गरम वाफांचा त्रास होतोय. भाची म्हणते, तिकडे या बायकांना हा त्रास जास्तच होतो म्हणे. पाळी तर सगळ्याच बायकांची जाते. मग त्यात कातडीच्या रंगाचा संबंध कसा? हे रक्तातच असतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भाचीने ऐकलं ते खरं आहे. 'रक्तातच' म्हणण्याआधी मात्र जरा थांबायला हवं.

अमेरिकेत १९९६-९७ मध्ये 'स्वान' नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासासाठी बायकांची नोंदणी झाली. बोस्टन, शिकागो, डेट्रॉइटचा परिसर, पिट्सबर्ग, न्यू जर्सी, लॉस एंजेलिस आणि ओकलंडकडचा भाग अशा सात ठिकाणच्या ३,३०२ जणी, वय ४२ ते ५२. गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी वंशाच्या. त्यांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बोलावलं, रक्त तपासलं, झोप, घाम, पैशाची ओढाताण, सगळं विचारलं. पाळी जाण्याच्या काळाबद्दल आज डॉक्टर जे ठामपणे सांगतात, त्यातलं बरंच या बायकांच्या उत्तरांतून आलेलं आहे.

२०१५ साली त्यांच्या वाफांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ज्यांना हा त्रास वारंवार होत होता, त्यांच्यातल्या निम्म्या जणींना तो ७.४ वर्षांहून जास्त काळ पुरला. वंशवार पाहिलं तर जपानी बायकांचा हा मध्यक ४.८ वर्षं, गोऱ्या बायकांचा ६.५ आणि कृष्णवर्णीय बायकांचा १०.१. 'वर्ष-दोन वर्षांत जाईल, सोसा' असं सांगणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हे आकडे टेबलाच्या काचेखाली ठेवावेत.

आता रक्ताचं. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन घटलं की तो हळवा होतो, तापमानात जराशी वाढ झाली तरी अंग फार तापलंय असं समजून कातडीकडे रक्त लोटतो आणि घाम फोडतो. ही क्रिया सगळ्या बायकांत एकच, काळ्यांचा हायपोथॅलॅमस काही वेगळा नसतो. फरक दिसला तो इतर गोष्टींत. पाळी नियमित असतानाच ज्यांच्या वाफा सुरू झाल्या, त्यांचा त्रास सर्वांत लांबला. आणि ज्यांच्या मनावर ताण जास्त, शिक्षण कमी, त्यांचाही. आनुवंशिकतेचा काहीच वाटा नाही असं कुणी म्हणत नाही. पण पैशाची चणचण आणि रोजचा भेदभाव एकीकडे ठेवून नुसत्या वंशाकडे बोट दाखवता येत नाही.

आर्लीन जेरोनिमस या संशोधक बाईंनी १९९२ सालीच बाळंतपणाच्या आकड्यांवरून हा मुद्दा मांडला होता. त्यांनी त्याला 'वेदरिंग' म्हटलं, म्हणजे ऊनपावसाने होते तशी झीज. वर्णद्वेष सोसत जगणाऱ्या बाईचं शरीर वयाच्या आधी झिजतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती.

खरी मेख पुढे आहे. 'स्वान'मध्ये नाव नोंदवायला काही अटी होत्या : गर्भाशय जागेवर हवं, निदान एक बीजकोश हवा, गेल्या तीन महिन्यांत पाळी आलेली हवी. नैसर्गिकरीत्या पाळी कशी जाते हे पाहायचं तर अटी रास्तच. पण त्यांत कोण गळलं? ज्यांची पाळी आधीच गेली होती आणि ज्यांची गर्भपिशवी काढून झाली होती त्या. आणि त्यांत कृष्णवर्णीय बायकांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे ज्यांना सर्वांत आधी झळ लागली, त्याच मोजणीत आल्या नाहीत. अभ्यासात टिकलेल्या कृष्णवर्णीय बायकांची पाळी गोऱ्या बायकांपेक्षा सुमारे साडेआठ महिने आधी गेली. गळलेल्यांचा हिशेब धरून अलीकडे पुन्हा गणित मांडलं, तेव्हा ही तफावत आणखी वाढली. अभ्यासाच्या स्वतःच्याच संशोधकांनी हे उघड केलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पिशवी का काढली जाते? मुख्य कारण गर्भाशयातल्या गाठी. वॉशिंग्टनमध्ये झालेल्या एका पाहणीत पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय आणि ७० टक्क्यांच्या आसपास गोऱ्या बायकांना अशा गाठी झाल्याचा अंदाज निघाला. पण कृष्णवर्णीय बायकांना त्या कमी वयात होतात आणि मोठ्या होतात. वर लहान छेदाची शस्त्रक्रिया गोऱ्या बायकांच्या वाट्याला जास्त येते, पोट फाडणं कृष्णवर्णीय बायकांच्या वाट्याला.

या शस्त्रक्रियेला इतिहासही आहे. १९६१ मध्ये मिसिसिपीत फॅनी लू हेमर ही शेतमजूर बाई गाठ काढायला दवाखान्यात गेली आणि न विचारता तिचं गर्भाशयच काढलं गेलं. पुढे ती नागरी हक्कांच्या लढ्यातली मोठी नेता झाली आणि हे तिने जाहीर सांगितलं. हा प्रकार तिकडे इतका सर्रास चाले, की लोक त्याला 'मिसिसिपी अपेंडेक्टोमी' म्हणत. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी अलाबामात मॅरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, बेट्सी, ल्यूसी अशा गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रिया करून आपलं तंत्र घडवलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हलवायला २०१८ साल उजाडलं. काळ्या माणसाला कमी दुखतं ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०१६ च्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी जवळपास निम्म्यांनी 'काळ्यांची कातडी जाड असते' यांसारखी एखादी तरी खोटी गोष्ट खरी मानली होती.

म्हणून ज्यांना वाफा सर्वांत जास्त वर्षं येतात, त्यांनाच हॉर्मोनची औषधं कमी लिहून दिली जातात, याचं नवल वाटू नये. मिशेल ओबामांनी २०२० मध्ये आपल्या पॉडकास्टवर सांगितलं, की अध्यक्षांच्या हेलिकॉप्टरमध्ये बसलेली असताना त्यांना अशीच वाफ आली होती. हे सांगताना पॉडकास्टवर समोर होत्या त्यांच्या मैत्रीण आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शॅरन मलोन. अशी मैत्रीण किती जणींना असते?

आपल्याकडच्या वाचकाला इथे बीड आठवेल. तिथून ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची पाहणी नीलम गोऱ्हे यांच्या समितीने २०१९ मध्ये केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अमेरिकेत कातडीचा रंग, इथे मुकादमाची उचल आणि खाड्याचा दंड. कारणं वेगळी, पण शस्त्रक्रियेत पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेनची घसरण अचानक होते, आणि हाडं, हृदय दोन्हींना धोका वाढतो. आणखी एक : भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, अमेरिकी बायकांच्या कितीतरी आधी. 'स्वान'च्या पाच गटांत भारतीय वंशाचा गट नव्हता. तेव्हा तिथले आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत.

भाचीच्या मैत्रिणीसाठी दोन गोष्टी. तिकडे 'मेनोपॉज सोसायटी' ही संस्था या विषयाची परीक्षा घेऊन डॉक्टरांना प्रमाणपत्र देते आणि त्यांची यादी ठेवते. त्यातला डॉक्टर गाठावा. दुसरी जास्त महत्त्वाची. पाळी पूर्ण बारा महिने बंद राहिल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तर 'वयामुळे असेल' म्हणून सोडू नये. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाने अमेरिकेत कृष्णवर्णीय बायका गोऱ्या बायकांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात मरतात. सोनोग्राफीत अस्तराची जाडी कमी दिसली की बऱ्याचदा निर्धास्त केलं जातं, पण गाठी असल्या तर ती जाडी नीट दिसत नाही, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या पद्धतीने कृष्णवर्णीय बायकांतले काही कर्करोग निसटत असल्याचं आढळलं. असं रक्त दिसलं तर तिने सोनोग्राफीवर न थांबता बायोप्सी मागावी.