पंपाआधी भिंग

लेका, पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटं करून पाहायचं. बाग आता तुझ्या हवाली आहे. पाण्याचं, खताचं तू शिकशीलच. पण किडीचं शिक्षण आपल्याकडची बरीच पोरं औषधाच्या दुकानात घेतात, अन् तिथं पान उलटून दाखवायला कोणाला सवड नसते.

संग्रामपूर-जळगाव जामोदच्या पट्ट्यात संत्र्याच्या बऱ्याच किडी नवतीच्या मागं लागतात. सायला, मावा, पानं पोखरणारी अळी, काळी माशी, सगळ्यांना कोवळं पान पाहिजे. नवती आंबियाच्या वेळी येते, मृगाच्या वेळी येते अन् पावसाळा सरताना हस्तालाही येते. त्या दिवसांत बागेत फेरी चुकवू नको. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू दे. फवाऱ्याच्या एका खेपेहून ते स्वस्त पडतं.

काळी माशी मात्र नीट समजून घे, बागा बसवल्यात त्या तिनंच. झाड काळं पडलं, कोळशी आली की लोक बुरशीनाशक मारतात. कोळशी बुरशीच आहे, पण ती वाढते माशीच्या पिल्लांनी टाकलेल्या चिकट गोड पाण्यावर. पिल्लं तशीच राहिली तर कोळशी फिरून येणार. माशी पानाच्या खालच्या अंगाला फिरकीच्या आकारात अंडी घालते. १९८५ पासून नागपुरात लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था याबाबत वेळेवरच भर देते: साधारण निम्मी अंडी फुटली की फवारा. पिल्लू मोठं होऊन काळं, टणक झालं की औषध कमी लागू पडतं. अन् नोझल खालून वर धर. पानाची वरची बाजू धुऊन काय उपयोग?

आधी निंबोळी अर्क वापर. पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळायची अन् शंभर लिटर पाणी करायचं. त्यानं आटोक्यात आलं नाही, तरच लेबलावर संत्र्याचं नाव अन् प्रमाण असलेलं औषध घे. दोन-तीन औषधं एका टाकीत कालवू नको.

काहून म्हणशील तर, या किडीचे वैरी आपल्याच मातीत आहेत. काळी माशी मूळची आशियातली. ती मेक्सिकोत शिरली अन् तिथल्या बागा धोक्यात आल्या, तेव्हा १९४८ ते १९५० च्या सुमारास अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ भारत-पाकिस्तानात आले अन् माशीच्या पिल्लांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या इथून घेऊन गेले. अमायटस अन् एन्कार्शिया ही त्यांची नावं. मेक्सिकोत त्यांनी माशी आटोक्यात आणली. जे त्यांनी समुद्रापार नेलं, ते आपण कडक औषधानं वावरातच मारतो. किडी खाणारे ढालकिडा अन् क्रायसोपाही त्याच फवाऱ्यात मरतात. मुंग्या झाडावर चढताना दिसल्या तर जमिनीला टेकलेल्या फांद्या छाट, कारण गोड पाण्यासाठी त्या किडीची राखण करतात.

कोळ्याचं थोडक्यात. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची धूळ पानावर बसते, तिथं ही कोळी कीड वाढते अन् पान राखाडी, फिकट दिसतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइडचा मारा केला की कोळ्याचे शत्रू मरतात अन् कोळी भडकतो. पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण भर उन्हात मारू नको, पान भाजतं.

खोडाच्या बेचक्यात जाळीत गुंतलेला भुसा दिसला तर साल खाणारी अळी समज. जाळी पुसायची, तारेनं भोक साफ करायचं, रॉकेलचा बोळा घालून चिखलानं बंद करायचं.

कलमं नोंदणीच्या रोपवाटिकेतूनच घे. सायला ग्रीनिंगचा रोग पसरवते, अन् रोगट डोळा भरलेलं कलम तो रोग घरीच आणतं. त्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून पाच-पन्नास रुपये वाचवण्याच्या नादाला लागू नको. घरामागच्या कढीपत्त्यावरही सायला बसते. बागेकडं जाताना त्याचेही शेंडे पाहत जा.

आता रस शोषणारा पतंग. पावसाळा सरता-सरता आंबियाची फळं रंगायला लागली की तो रात्री येतो, फळाला भोक पाडून रस पितो. दोन-तीन दिवसांत भोकाभोवती फळ सडून खाली पडतं. दिवसा काही दिसत नाही. टॉर्च घेऊन रात्री फिर. संध्याकाळी ओल्या गवताचा धूर करायचा, पडलेली फळं रोज उचलून पुरायची. पण खरं दुखणं दुसरीकडं आहे. त्याची अळी संत्र्यावर जगतच नाही, वासनवेल अन् गुळवेलीवर वाढते. म्हणून अळी मारायला झाडावर केलेली फवारणी वायाच जाते. कोरोनापासून गुळवेल घरोघरी लाडकी झाली, अंगणात एखादी राहू दे, पण धुऱ्यावर ठेवू नको.

सातपुड्याच्या जंगलातल्या वेलींना आपण हात लावू शकत नाही, अन् लावूही नये. आपल्या धुऱ्यांवरच्या काढता येतात. एकट्यानं काढून भागत नाही, पतंग शेजारच्या वावरातून येतो. जुलै संपायच्या आत चार बागायतदार घेऊन बस, जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला बोलाव, अन् सगळ्यांचे धुरे एकाच आठवड्यात साफ करा.