गावचा कोरीव लेख आणि संशोधनपत्रिका

गोदावरीच्या खोऱ्यातील बहुतेक जुन्या गावांना एक पांढर असते, एखादी बुजत आलेली बारव असते आणि देवळाच्या पारावर किंवा वेशीजवळ शेंदूर फासलेले दोन-चार दगड असतात. गंगाखेड तालुक्याच्या दक्षिण भागातील राणीसावरगाव आणि त्याच्या आसपासचा बालाघाटाच्या बाजूचा मुलूख अशाच गावांचा आहे. याच तालुक्यात गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर उभे आहे. परभणी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिंतूर तालुक्यात, चारठाण्याची मंदिरे व बारव आहेत. ही नावे अभ्यासकांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्यामधली शेकडो लहान गावे अद्याप कोणत्याही संशोधनपत्रिकेत आलेली नाहीत. हैदराबाद संस्थानचे पुरातत्त्व खाते १९१४ साली स्थापन झाले. वेरूळ, अजिंठा, बीदर अशा मोठ्या स्थळांकडे त्याचे लक्ष प्रामुख्याने राहिले. खेड्यातील वीरगळापर्यंत पोचण्याइतकी माणसे त्या खात्याजवळ नव्हती आणि आजही कोणत्याच खात्याजवळ नाहीत.

ही माणसे गावातच असतात. शाळेचे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, पंचायतीचे सदस्य यांची नजर या दगडांवरून रोज जाते. जीर्णोद्धाराच्या वेळी जुनी शिळा पायात जाते, अक्षरांवर तैलरंग चढतो, रस्ता रुंद होताना वीरगळ मुरुमाखाली गाडला जातो. असे होण्यापूर्वी ती वस्तू कागदावर आली तर बरेच काही वाचते. आजकाल एखाद्या दगडावर अक्षरे दिसली की वृत्तपत्रात छायाचित्र व चार ओळींची बातमी येते आणि प्रकरण तेथेच थांबते. बातमीमुळे कुतूहल जागे होते. पण दहा वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकाला तो लेख तपासून पाहावयाचा असेल तर बातमीचा त्याला उपयोग नसतो. संशोधनलेख वेगळा असतो. जे पाहिले ते अशा रीतीने मांडावयाचे की, न पाहिलेल्या माणसालाही ते पडताळून घेता यावे, अथवा खोडून काढता यावे. असा लेख कसा सिद्ध करावा आणि पत्रिकेकडे कसा धाडावा, याचा विचार येथे केला आहे.

मराठवाड्यातील तेर या गावाचे उदाहरण प्रथम घेऊ. एका अनामिक ग्रीक लेखकाच्या प्रवासवर्णनात ‘तगर’ नावाच्या व्यापारी नगराचा उल्लेख आहे. हे नगर कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचविले, डॉ. रा. गो. भांडारकर यांनी धारूर सुचविले. १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत एक लेख लिहून तगर म्हणजे तेर होय, असे प्रतिपादन केले. ग्रीक लेखकाने पैठणापासून पूर्वेकडे दहा दिवसांची वाट सांगितली होती. फ्लीट यांनी ते अंतर, ती दिशा आणि नावाची भाषिक व्युत्पत्ती या तिन्ही गोष्टी वाचकांपुढे उघड मांडल्या. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तेथील अवशेषांची पाहणी केली व तिचा वृत्तांत पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात आला. आधी मांडलेले प्रमाण आणि मग जागेवरची पाहणी, अशी ही साखळी आहे. पत्रिकेत लेख छापला नसता तर ती जुळली नसती.

याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी गावाच्या पांढरीतून व पांदीतून निघणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी, खापरे वर्षानुवर्षे जपून ठेवली. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेर येथे आहे. त्यांनी केलेले काम मोलाचे आहे, यात शंका नाही. तरीही गोळा केलेल्या वस्तूंबाबत सर्वत्र एक अडचण राहतेच: वस्तू हाती असते, परंतु ती मातीच्या कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती हे बहुधा हाती नसते. तो थर समजण्यासाठी शास्त्रशुद्ध उत्खननच लागते. तेर येथे १९५८ साली उत्खनन झाले व त्याचा अहवाल १९६९ साली छापून आला. कामाची नोंद हाती येण्यास केवढा काळ लागतो, हेही या दोन सनांवरून ध्यानात यावे.

स्थान न कळल्यास काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचे आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील या गावी १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार धातुशिल्पे सापडली: बैलांचा रथ व त्यातील सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक भरले. डॉ. म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील ठरविली. तथापि ती रीतसर उत्खननात हाती आली नसल्याने काळाविषयी शंका घेण्यास वाव राहिला आणि धातूच्या विश्लेषणाच्या आधारे तशी शंका घेतलीही गेली. १९७५ ते १९७९ या काळात तेथे विस्तृत उत्खनन झाले, तरी ती शिल्पे प्रत्यक्ष कशी पडली होती हे पाहण्याची संधी पुन्हा मिळणारी नव्हती.

तेव्हा राणीसावरगावच्या शिवारात किंवा शेजारच्या एखाद्या वाडीत अक्षरे असलेली शिळा आढळली, असे समजू. पहिला नियम असा की, शिळा हलवू नये आणि भोवती खणू नये. उत्खनन हे परवानगीचे काम आहे. हौसेने खणणे हे कायद्याच्याही विरुद्ध आहे आणि अभ्यासाच्याही. भूमीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ‘निखात निधी अधिनियम, १८७८’ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या अधिनियमाने निर्बंध घातला आहे. म्हणून तहसील कार्यालयास आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास पत्र द्यावे. ग्रामपंचायतीने नोंदवहीत तारखेनिशी नोंद घ्यावी. पुढे लेख लिहिताना हीच नोंद आधाराला येते.

मग टिपणाचे काम. शिळा कोठे आहे हे लिहिताना ‘मारुतीच्या देवळाजवळ’ एवढ्यावर भागत नाही. गट क्रमांक, देवळाच्या कोणत्या बाजूस, किती मीटरवर, तोंड कोणत्या दिशेला, मूळ जागी आहे की दुसरीकडून आणलेली, आणि आणलेली असल्यास हे कोणी सांगितले, हे सर्व त्याच दिवशी लिहावे. शिळेची लांबी, रुंदी, जाडी, अक्षरांची उंची, ओळींची संख्या सेंटिमीटरमध्ये मोजावी. दगड कोणता, हे ठाऊक नसेल तर त्याचा रंग व पोत लिहावा. छायाचित्रात मोजपट्टी अवश्य हवी. अक्षरे पुसट असतील तर सकाळी अथवा सायंकाळी, ऊन तिरपे पडत असताना छायाचित्र घ्यावे. भर दुपारी जे दिसत नाही ते सावलीमुळे उठून दिसते. अक्षरांत खडू किंवा चुना भरण्याची चाल फार आहे, ती टाळावी. खडू भरणाऱ्याला जे अक्षर वाटते तेच छायाचित्रात येते आणि पुढच्या वाचकाची फसगत होते. शेंदराची पुटे सुरीने खरवडणे तर त्याहून वाईट. गावकऱ्यांच्या श्रद्धेचा प्रश्न त्यात आहेच, शिवाय अक्षरेही जातात. कागदाचा ठसा जाणकाराकडून घ्यावा, आणि तोही विश्वस्तांच्या संमतीने.

वाचनाचा भाग सर्वांत अवघड, आणि बहुतेक नवे लेख येथेच ढासळतात. लेखातील प्रत्येक ओळ शिळेवर आहे तशीच, ओळीचा क्रमांक घालून, उतरावी. जी अक्षरे स्पष्ट आहेत, जी अंदाजाने वाचली आणि जी तुटली म्हणून आपण भरली, त्यांना वेगवेगळ्या खुणा द्याव्या व त्या खुणांचा अर्थ आरंभीच सांगावा. शुद्धलेखन सुधारू नये. कोरणाऱ्याची चूक हाही पुरावाच असतो.

कालनिर्देश असल्यास तो पडताळण्याचे एक सोपे गणित प्रत्येक शिक्षकाला करता येईल. शालिवाहन शकाच्या आकड्यात १२ मिळवावे आणि बेरजेला ६० ने भागावे. जी बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेल्या साठ संवत्सरांतील क्रमांक होय. बाकी शून्य आल्यास साठावे, क्षय संवत्सर समजावे. शके १९४७ चे पाहा: बेरीज १९५९, बाकी ३९, म्हणजे विश्वावसु. पंचांगात तेच आहे. यादवकालीन लेखात शके ११५० वाचले तर बेरीज ११६२, बाकी २२, म्हणजे सर्वधारी संवत्सर यावयास हवे. लेखात दुसरेच नाव असेल, तर आकडा किंवा नाव यांपैकी एक चुकीचे वाचले गेले असण्याचा संभव आहे. गत व चालू वर्षाच्या मोजणीमुळे एका वर्षाचा फरक पडू शकतो, एवढी सवलत ठेवावी.

अलिबागजवळच्या आक्षी येथील लेखावरून हे किती महत्त्वाचे आहे ते कळेल. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यातील वर्ष शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असे घेतले. गणिताने बाकी ४६ येते व ती परिधावी संवत्सराची आहे; लेखातील संवत्सराच्या नावाशी ती जुळते, हा त्या वाचनाचा एक आधार होय. इतर अभ्यासकांनी हा लेख बराच अलीकडचा मानला आहे. श्रवणबेळगोळचा लेख आधीचा की आक्षीचा, हा मराठीच्या आद्य लेखाचा प्रश्न दोन-चार अक्षरांच्या वाचनावर लटकून राहिला आहे. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आपल्या लेखाचे वाचन करण्यापूर्वी तो चाळावा, म्हणजे अक्षरांची वळणे, दानाची ठरावीक वाक्ये आणि शेवटचे शापवचन कसे असते ते समजते. आपला लेख आधीच कोणी छापलेला नाही ना, याचीही खात्री तेथूनच सुरू होते.

कोणत्या पत्रिकेकडे धाडावे हे आधी ठरवावे, नंतर लिहावयास बसावे. मराठीत लिहिणाऱ्यास पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची परंपरा जवळची आहे. हे मंडळ १९१० साली स्थापन झाले आणि त्याच्या त्रैमासिकाने अनेक हौशी अभ्यासकांच्या टिपणांना जागा दिली. इंग्रजीत लिहिणे शक्य असेल तर डेक्कन कॉलेजचे बुलेटिन, ‘पुरातत्त्व’, तसेच १९७७ पासूनचे ‘मॅन अँड एन्व्हायरन्मेंट’ ही नावे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. निवडलेल्या पत्रिकेचे अलीकडचे अंक वाचावेत. लेखकांसाठीच्या सूचनांत शब्दमर्यादा, संदर्भ देण्याची रीत व छायाचित्रांचा आकार दिलेला असतो. तो पाळला नाही तर चांगला लेखही न वाचता परत येतो.

लेखाची मांडणी साधी असावी. मथळ्यात गावाचे, तालुक्याचे नाव व वस्तूचा प्रकार यावा. ‘इतिहासाच्या पाऊलखुणा’ असला मथळा संपादकाच्या कपाळावर आठी आणतो. थोडक्यात सारांश, स्थळाची माहिती व नकाशा, वस्तूचे वर्णन, मूळ पाठ व त्याचा अर्थ, मग चर्चा. चर्चेत हात आखडता ठेवावा. एका वीरगळावरून गावात मोठी लढाई झाली असे ठरत नाही. गावच्या नावात ‘राणी’ आहे म्हणून कोणत्या तरी राणीची कथा जोडणे मोहाचे असते. अशी लोककथा गावात सांगितली जात असेल तर ती कोणी सांगितली हे नमूद करून द्यावी, पण लोककथा म्हणूनच द्यावी. ज्या शेतकऱ्याने शिळा दाखविली त्याचे नाव, त्याची संमती घेऊन, ऋणनिर्देशात घालावे. शिळा उचलून नेण्याजोगी असेल तर अचूक अक्षांश-रेखांश छापू नयेत, ते संचालनालयास कळवावेत. मूर्तिचोर पत्रिका वाचत नाहीत, असे समजण्याचे कारण नाही.

लेख एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठवावा. सोबतच्या पत्रात तो इतरत्र प्रसिद्ध झालेला नाही, हे स्पष्ट करावे. संपादक तो परीक्षकाकडे देतात. अभिप्राय यावयास कित्येक महिने लागतात. अभिप्रायात वीस शंका असल्या तरी तो नकार नसतो. प्रत्येक शंकेला क्रमवार उत्तर लिहून, दुरुस्त केलेल्या जागा दाखवून लेख परत धाडावा. परीक्षकाचे म्हणणे पटले नाही तर तसे कारणासह लिहिण्यास काहीच हरकत नाही.

पैसे घेऊन आठवड्यात लेख छापून देणारी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके अलीकडे फार झाली आहेत. पदोन्नतीच्या गरजेपोटी शिक्षक त्यांच्या जाळ्यात सापडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ साली बंद झाली, त्यामुळे पारख आता ज्याची त्यानेच करावयाची आहे. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयातील आहेत काय, जुने अंक ग्रंथालयात मिळतात काय, एवढे पाहिले तरी बरेच उमगते.

लेख छापून आला की त्याच्या प्रती कराव्यात. एक संचालनालयास, एक विद्यापीठाच्या इतिहास विभागास, एक शाळेच्या ग्रंथालयास आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरास द्यावी. मंदिराचा जीर्णोद्धार ठरेल तेव्हा ठेकेदाराला दाखविण्यासाठी शिळेच्या छायाचित्राची एक प्रत विश्वस्तांकडे वेगळी ठेवावी.