प्रश्नसंच पाठ करून जनरल इन्शुरन्सची परीक्षा पास होता येईल का?

प्रश्न : मी नेरुळला राहते. मुलं मोठी झाली, आता जनरल इन्शुरन्सचं एजंट व्हायचं मनात आहे. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ तिथल्या ‘प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी’ लायसन्सची तयारी करतो आहे. त्याची पुस्तकं मला चालतील का? ओळखीचे लोक म्हणतात, पुस्तक उघडूच नकोस, प्रश्नसंच पाठ कर. तेवढं पुरेल?

उत्तर : भावाची पुस्तकं त्याच्याकडेच राहू द्या. अमेरिकेत १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडे ठेवलं, म्हणून तिथे लायसन्स राज्य देतं आणि परीक्षेत त्या राज्याचे कायदे विचारतात. आपल्याकडे देशभर एकच नियामक, आयआरडीएआय. पूर्वी एजंटाला लायसन्स मिळायचं. २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर ते गेलं, आणि आता विमा कंपनीच तुमची एजंट म्हणून नेमणूक करते. म्हणजे आधी कंपनी ठरवायची, मग तिच्यामार्फत परीक्षेला बसायचं. आयुर्विम्याची एक, जनरलची एक आणि फक्त आरोग्यविमा विकणारी एक, अशा तीन कंपन्यांचं काम एकाच वेळी करता येतं. जनरलच्या दोन मात्र नाहीत.

परीक्षेचा अभ्यासक्रम ‘आयसी-३८’ या नावाने ओळखला जातो. पुस्तक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचं, आणि ते मराठीतही आहे. संगणकावर एका तासात ५० प्रश्न, पासाला ३५ टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अठरा उत्तरं बरोबर आली की झालं. त्यामुळे ओळखीचे लोक खोटं सांगत नाहीत, प्रश्नसंच घोकून पास होणारे पुष्कळ आहेत. तरी तुम्ही तसं करू नये असं मला मनापासून वाटतं. क्लेमच्या दिवशी गिऱ्हाईक पहिला फोन एजंटालाच करतं, आणि त्या फोनवर प्रश्नसंच कामाला येत नाही.

तुम्ही नवी मुंबईत राहता, हाच तुमचा मोठा फायदा. पुस्तकातलं प्रत्येक तत्त्व इथे प्रत्यक्ष दिसतं. वाशीच्या एपीएमसीतला एक गाळा धरा. आतला माल ४० लाखांचा, पण प्रीमियम वाचवायला व्यापाऱ्याने विमा उतरवला ३० लाखांचा. आग लागून ८ लाखांचा माल गेला. त्याला वाटतं, ३० लाखांचा विमा आहे, म्हणजे ८ लाख नक्की मिळणार. मिळतात ६ लाख, कारण चतुर्थांश जोखीम त्याने स्वतःकडेच ठेवली होती. यालाच अंडरइन्शुरन्स म्हणतात. १ एप्रिल २०२१पासून पाच कोटींपर्यंतच्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. याच व्यापाऱ्याने ३६ लाखांचा विमा घेतला असता, तर तूट १० टक्केच राहिली असती आणि पूर्ण ८ लाख हाती आले असते. हे गणित स्वतः कागदावर दोन-तीनदा आकडे बदलून करा. ते जमलं की पुढे व्यापाऱ्याशी बोलताना तुमचा आवाज डळमळणार नाही.

‘निकटतम कारण’ हा विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाणारा भाग. तुर्भ्याच्या गोदामात शॉर्टसर्किटने आग लागली, बंबाच्या पाण्याने न जळलेली पोतीही भिजली. हे नुकसान आगीचं की पाण्याचं? आगीचंच, कारण पाणी मारावं लागलं ते आगीमुळे. पहिल्या महायुद्धात टॉर्पेडो लागलेलं एक जहाज कसंबसं फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात आणलं, तिथे वाऱ्या-लाटांत ते आपटत राहिलं आणि अखेर बुडालं. लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९१८ साली निर्णय दिला की कारण टॉर्पेडोच. शेवटी घडलेली गोष्ट नव्हे, तर सर्वांत प्रभावी ठरलेली गोष्ट पाहायची, एवढं मनात पक्कं करा.

विमायोग्य हितसंबंध कधी हवा, यावर प्रश्न हमखास येतो. आगीच्या विम्यात तो पॉलिसी घेताना आणि नुकसान होताना, दोन्ही वेळी लागतो. सागरी विम्यात नुकसानाच्या वेळी असला की पुरतो, कारण न्हावा-शेव्याला उतरणारा माल वाटेतच विकला गेलेला असू शकतो. आयुर्विम्यात तो सुरुवातीला लागतो.

घरविमा तर तुमच्या सोसायटीपासूनच सुरू करा. ‘भारत गृह रक्षा’मध्ये पुराचं संरक्षण आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं, आणि अंडरइन्शुरन्सची कात्रीही लागत नाही. २६ जुलै २००५चा पाऊस पाहिलेल्या माणसाला याचं मोल समजावून सांगावं लागणार नाही.

मोटार विम्याला फार वेळ देऊ नका. त्रयस्थ पक्षाचा विमा १९८८च्या कायद्याने सक्तीचा, हे बहुतेकांना ठाऊकच असतं.

विमा कायद्याची दोन कलमं मात्र तोंडपाठ करा. कलम ६४व्हीबी : प्रीमियम आधी, जोखीम नंतर, आणि एजंटाने घेतलेले पैसे सुट्ट्या वगळून २४ तासांत कंपनीकडे पोचले पाहिजेत. कलम ४१ : कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला परत देणं गुन्हा, दंड १० लाखांपर्यंत. बाजारात ‘थोडं कमी करा ना’ हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. तेव्हा नाही म्हणायची तयारी आत्तापासून ठेवा.

परीक्षेच्या दिवशी एकही प्रश्न कोरा सोडू नका. भाषा निवडताना मराठी घ्या, फक्त इंग्रजी संज्ञा ओळखीच्या असू द्या, कारण पॉलिसीचे कागद बहुधा इंग्रजीतच येतात. आणि पास झाल्यावर रेंगाळू नका : पहिल्या नेमणुकीसाठी प्रमाणपत्र १२ महिनेच चालतं.