जुने धरण आणि सल्लागार इंजिनियर

धरणाची भिंत दगडाची. चुन्यात बांधलेली. ती काय थकणार, असे आपल्याला वाटते. पण भिंतही थकते. पाणी रात्रंदिवस तिला रेटत असते. सांध्यांतला चुना विरघळतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. मग भिंत पाझरू लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातले भंडारदरा धरण पाहा. ते प्रवरा नदीवर आहे. १९२६ साली ते बांधून पुरे झाले. १९६९ साली त्याच्या भिंतीला भेगा दिसल्या. पाणी बाहेर येऊ लागले. पुढे भिंतीला खालच्या अंगाने मोठे टेके बांधले. ते धरण आजही उभे आहे. ते मुख्यतः शेतीचे. पण प्यायच्या पाण्याची जुनी धरणेही अशीच थकतात.

धरण गळू लागले की गावात बोलणे सुरू होते. "सिमिट लावा की! त्यात काय मोठं?" दुसरा म्हणतो, "माझ्या ओळखीचा ठेकेदार हाय." जरा थांबा. पाणी कुठून शिरते हे कळल्याशिवाय सिमिट कुठे लावणार? खालच्या अंगाची भोके नुसती बुजवली, तर पाणी भिंतीच्या पोटात कोंडते. मग ते आतून रेटू लागते.

म्हणून आधी सल्लागार इंजिनियर नेमतात. तो धरण तपासतो, दुरुस्तीचा नकाशा करतो, खर्चाचा अंदाज देतो. काम करणारा ठेकेदार वेगळा. आमच्या मते हे दोघे एक असू नयेत, की नात्यागोत्याचेही असू नयेत. नाही तर दुखणे थोडे आणि औषध फार, असे होते.

सल्लागार काय काय पाहतो? पाझराच्या चारीत तो खाच पाडलेली फळी बसवतो. खाचेतून पाणी किती उंच वाहते, त्यावरून पाझर मोजतो. भिंतीला वरून भोके पाडून आतला दगड-चुना काढून पाहतो. पाण्याखालचे दार पाहायला पाणबुड्या उतरवतो. गाळ किती साठला, तेही मोजतो. मोठा पूर आला तर सांडवा पुरेल का, याचा हिशेब करतो. धरण मातीचे असेल, तर पाझराचा रंग फार महत्त्वाचा. गढूळ पाणी म्हणजे पोटातली माती वाहून चालली. असे दिसले तर त्याच दिवशी कळवावे.

आता नेमायचा कोणाला? नगरपालिका किंवा सरकारी खाते दोन लखोटे मागवते. एकात सल्लागाराची माहिती, दुसऱ्यात त्याचा दर. माहितीचा लखोटा आधी उघडतात आणि गुण देतात. दराचा लखोटा मागून. शंभरांपैकी कशाला किती गुण, हे आधीच ठरवून जाहीर करतात. नुसता स्वस्त सल्लागार पुढे महाग पडतो. त्याची फी कामाच्या मानाने थोडी असते, पण त्याची चूक सगळ्या कामात उतरते.

एक गोष्ट नीट विचारावी. धरणावर कोण येणार? कागदावर मोठे नाव आणि बांधावर नवखा पोरगा, असेही घडते. येणाऱ्या माणसांची नावे करारात लिहून घेतात.

प्यायच्या पाण्याचे धरण एकदम रिकामे करता येत नाही. उन्हाळ्यात दुरुस्ती आणि उन्हाळ्यातच पाण्याची ओढ! तेव्हा घागर कुठे भरायची, याचा आराखडाही सल्लागाराकडून आधीच घ्यावा. बायकांना विचारून तो केला तर बरे. हंडे किती लागतात ते त्यांनाच ठाऊक.

२०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. १५ मीटरहून उंच धरणाची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणे मालकाला बंधनकारक आहे. मालक म्हणजे ज्याच्या ताब्यात धरण आहे तो, मग ते सरकारी खाते असो की नगरपालिका. तपासणी झाली का, हे ग्रामसभेत विचारता येते.

दुरुस्ती झाली म्हणून सल्लागाराचे काम संपत नाही. पावसाळ्यात धरण भरते. पाणी पूर्वीच्याच खुणेला आले, की त्याच चारीत, त्याच फळीवर पाझर पुन्हा मोजतात आणि जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहितात.